आतल्या पाण्याची वाट

समुद्रप्रवासात दूरवर किनाऱ्याची रेघ दिसू लागली की जमिनीवरच्या माणसाला हायसे वाटते, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु ज्याने स्वतः नाव हाकली आहे त्याचा जीव नेमका त्याच घटकेला टांगणीला लागतो. भर दर्यात तळाखाली शेकडो वाव पाणी असते, लाट लांब आणि संथ असते, आणि जिच्यावर नाव आदळावी अशी वस्तू मैलोगणती आढळत नाही; खडक, वाळूचे दांडे, खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा, उलटसुलट प्रवाह आणि जाळ्यांचे दोर ही सारी संकटे किनाऱ्याच्याच आश्रयाने राहतात. म्हणून तुफानाची चाहूल लागून बंदर गाठणे अशक्य झाले, तर जाणता तांडेल जमिनीकडे धाव न घेता तिच्यापासून दूर सरकतो. दर्याचे भय त्याच्या काठाशी असते, हा नौकानयनातला पहिला धडा होय.

हा धडा ध्यानात ठेवला, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरसाल थंडीच्या तोंडावर दिसणाऱ्या एका विलक्षण स्थलांतराचे मर्म उकलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास उत्तरेकडच्या बंदरांतून शेकडो लहान नौका नांगर उचलून फ्लॉरिडाच्या उबेकडे निघतात. त्यांतल्या पुष्कळांवर माणसे असतात दोनच, नवरा आणि बायको, बहुधा नोकरीधंद्यातून मोकळी झालेली आणि मुलेबाळे मार्गाला लागलेली. आणि त्यांचे वाहन म्हणजे ३५-४० फूट लांबीची, डिझेल इंजिनावर चालणारी, जिच्या पोटात निजण्याची खोली, शेगडी, जेवणाचे मेज आणि पुस्तकांची फळी एवढा सगळा संसार मावलेला असतो अशी एक मोटारबोट. या प्रवाशांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. पक्ष्यांना आकाशाची वाट मोकळी असते. या जोडप्यांची वाट मात्र माणसाने दोनशे वर्षे खपून खणलेली, उपसलेली आणि खुणांनी आखलेली आहे. तिचे नाव इंट्राकोस्टल वॉटरवे. आपण तिला अंतःकिनारी जलमार्ग म्हणू.

व्हर्जिनियातल्या नॉर्फक बंदरापाशी या मार्गाचा शून्य मैल आहे, आणि तेथून उत्तर व दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा या राज्यांच्या अंगाअंगाने तो सुमारे १,०९० मैल चालत मायामीला पोहोचतो व त्याच्याही पुढे की वेस्टपर्यंत जातो. मौज अशी की, समुद्रावरचे अंतर १,८५२ मीटरांच्या सागरी मैलांत मोजण्याचा शिरस्ता सर्वत्र असूनही या वाटेवर जमिनीवरचाच १,६०९ मीटरांचा मैल चालतो. कारण वाट खाऱ्या पाण्यातून जात असली तरी तिची गणना देशातल्या जलमार्गांत होते. ती जवळजवळ सर्वत्र समुद्राच्या कानाशी आहे, पण समुद्राच्या तावडीत नाही.

ही किमया मुळात निसर्गाची. त्या किनाऱ्याला समांतर अशी वाळूच्या लांबट, सखल बेटांची माळच्या माळ पसरलेली आहे. बेटांच्या बाहेर अटलांटिक महासागर गर्जत असतो आणि आत, बेटे व मुख्य भूमी यांच्यामध्ये, उथळ सरोवरे, खाजणे आणि खाड्या शांत पहुडलेल्या असतात. आपल्या कोकणात असे घडले नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या तडक पश्चिमेकडे धावतात, त्यांच्या खाड्या किनाऱ्याशी काटकोन करून आत शिरतात, आणि दोन खाड्यांच्या मध्ये काळ्या कातळाचे भूशिर दर्यात घुसलेले असते. त्यामुळे बाणकोटाहून दाभोळला पाण्याने जायचे तर खाडीबाहेर उघड्या समुद्रात उतरण्यावाचून गत्यंतर नाही. भारतात त्या अमेरिकन वाटेशी नाते सांगू शकतील असे जलमार्ग दुसरीकडे आहेत: केरळातील कायलांना, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरोवरांना, जोडणारा पश्चिम किनारी कालवा, आणि कोरोमंडल किनाऱ्याशी समांतर खणलेला, १८०६ साली आरंभ झालेला व पुढे बकिंगहॅम कालवा म्हणून प्रसिद्धीस आलेला जुना मार्ग.

बेटांच्या माळेबाहेरून जाण्याचे धाडस सहसा का केले जात नाही, याचे उत्तर उत्तर कॅरोलिनातल्या हॅटरास भूशिराने इतिहासात वारंवार देऊन ठेवले आहे. तेथे दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह आणि उत्तरेकडचे थंड पाणी यांची गाठ पडते. भूशिरापासून दूरवर डायमंड शोल्स नावाचे वाळूचे उथळे पसरलेले आहेत. आणि त्या टापूला ‘अटलांटिकची स्मशानभूमी’ हे नाव शेकडो गलबतांच्या सांगाड्यांनी मिळवून दिले आहे. अमेरिकन यादवी युद्धातली मॉनिटर ही विख्यात चिलखती युद्धनौका शत्रूच्या तोफांतून बचावली, पण १८६२ च्या अखेरीस हॅटरासजवळच्या वादळात बुडाली. त्याच भूशिरावर १८७० साली उभारलेला उंच दीपस्तंभ, समुद्राने वाळू खात खात त्याच्या पायथ्यापर्यंत मजल मारल्यामुळे, १९९९ साली अखंड उचलून रुळांवरून सुमारे २,९०० फूट आत सरकवावा लागला. ज्या किनाऱ्यावर नावाड्यांना वाट दाखविणाऱ्या दीपस्तंभालाच बिऱ्हाड हलवावे लागते, तेथे नकाशावर विसंबून राहणाऱ्याची काय कथा!

निसर्गाने निम्मी वाट दिली. उरलेली जोडण्याची कल्पना अमेरिकेच्या राज्यकर्त्यांच्या मनात फार लवकर आली. अर्थमंत्री आल्बर्ट गॅलटिन याने १८०८ साली रस्ते आणि कालवे यांविषयी जो अहवाल सादर केला, त्यात किनाऱ्याच्या आड येणाऱ्या चार भूकंठांतून कालवे काढले म्हणजे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आतल्या पाण्याची सलग वाट तयार होईल, अशी तजवीज सुचविली होती. त्यांपैकी चेसापीक उपसागराच्या दक्षिणेकडील काम तोवर झालेही होते. ‘ग्रेट डिस्मल स्वॉम्प’ या भयाण नावाच्या दलदलीतून १७९३ साली खणावयास घेतलेला २२ मैलांचा कालवा १८०५ मध्ये खुला झाला होता. तो खणला तो भाडोत्री आणलेल्या गुलामांनी, कमरेइतक्या चिखलात उभे राहून. आणि त्याच दलदलीच्या गर्भात मालकांच्या कचाट्यातून पळालेले गुलाम लपून वस्ती करीत होते. सायप्रस आदी वृक्षांच्या साली-पाल्यातला अर्क उतरून तेथले पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते, आणि ते दीर्घकाळ नासत नाही म्हणून शिडाच्या गलबतांवरचे खलाशी त्याची पिंपे भरून नेत. आज त्या कालव्याच्या दोन्ही टोकांना पाणदरवाजे आहेत: नाव कोंडीत शिरते, मागचे दार मिटते, पाणी आठेक फूट चढते, आणि पुढचे दार उघडले की दुतर्फा झाडी असलेली, वाऱ्याची झुळूकही न पोचणारी, आरशासारखी सरळ वाट समोर येते. ज्यांना अधिक खोल पाणी हवे त्यांच्यासाठी १८५९ साली खुला झालेला दुसरा कालवा जवळूनच जातो.

व्यापारासाठी कल्पिलेल्या या मार्गाचे महत्त्व युद्धाने अधिक स्पष्ट केले. १९४२ च्या जानेवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, कित्येकदा लोकांच्या डोळ्यांदेखत, तेलाची व मालाची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला, आणि बेटांच्या आडून चालणाऱ्या तराफ्यांची किंमत तेव्हा सरकारास पुरती कळली. पुढे मालवाहतूक हमरस्त्यांकडे आणि रेल्वेकडे वळली. गाळ उपसण्याचे काम लष्कराच्या इंजिनिअरिंग खात्याकडेच राहिले. आणि तोफा व कापूस यांच्या हिशेबाने आखलेली ही वाट हळूहळू निवृत्त जोडप्यांच्या वहिवाटीची झाली.

आता त्यांच्या वाहनाकडे वळू. ही मोटारबोट संथ असते, आणि तिचा संथपणा इंजिनाच्या दुबळेपणातून आलेला नसतो. पाणी दुभंगत चालणारी कोणतीही नाव आपल्या नाळेशी एक लाट उठविते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि अखेरीस एक टप्पा असा येतो की लाटेची एक शीग नाळेशी आणि दुसरी पिछाडीशी पडून नाव स्वतःच निर्मिलेल्या खळग्यात सापडते. त्यापुढे वेग वाढवायचा म्हणजे आपल्याच लाटेचा चढ चढायचा. इंजिनाने कितीही आरडाओरडा केला तरी डिझेल मात्र खर्ची पडते आणि पदरात थोडेच अंतर पडते. या मर्यादेचे ढोबळ गणित असे की, पाणरेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे ताशी किती सागरी मैल ते निघते. ३६ फुटांच्या नावेला सुमारे ८. सपाट बुडाच्या वेगवान बोटी पुरेशा ताकदीने पाण्यावर चढून घसरत जातात आणि या बंधनातून सुटतात. परंतु घर घेऊन निघालेल्या माणसाला तो हव्यास परवडत नाही. रॉबर्ट बीबी नामक अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने १९६३ साली ‘पॅसेजमेकर’ नावाची ५० फुटांची मोटारनौका पाण्यात उतरवून, शिडाविना, मंद गतीने आणि मोजक्या माणसांनिशी महासागरही ओलांडता येतो हे सिद्ध केले, आणि ‘ट्रॉलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मच्छिमार नौकांच्या घाटाच्या प्रवासी बोटींना त्यानंतर बरे दिवस आले. दिवसाला पन्नासेक मैल गेले तरी पुष्कळ, असे मानणाऱ्या जोडप्याला मायामी गाठावयास तीन आठवडे सहज लागतात.

या तीन आठवड्यांत दोघांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळलेले असते: तळाखाली पाणी किती? वाटेची खोली कागदोपत्री १२ फूट, आणि फ्लॉरिडातल्या फोर्ट पिअर्सपासून मायामीपर्यंत १० फूट ठरलेली आहे. परंतु वाळूला सरकारी दप्तर वाचता येत नाही. जेथे जेथे बेटांमधल्या फटीतून समुद्राचे पाणी आत-बाहेर करते, तेथे तेथे ते वाळू आणून टाकते, आणि काल उपसलेला मार्ग एका वादळात बुजून जातो. सागरी नकाशांवर १९१२ च्या सुमारापासून या मार्गाची एक जांभळट गुलाबी रेषा छापलेली असे. कित्येक ठिकाणी ती कोरड्या वाळूवरून जाऊ लागल्यामुळे २०१३ साली नकाशाखात्याने ती काढून टाकण्याचा विचार केला. त्यावर नावाड्यांनी एवढी हाकाटी केली की पुढच्या वर्षी ती दुरुस्त करून ठेवण्याचे ठरले. रेषा चुकीची असली तरी सोबत असावी, असे ज्यांना वाटले त्यांना हसणे सोपे आहे; पण ओसाड खाजणात भर पावसात सुकाणू धरून उभ्या असलेल्या माणसाचे मन त्या हाकाटीत बोलत होते.

रेषेपेक्षा खांब आणि बोये अधिक विश्वासाचे. अमेरिकेत समुद्राकडून बंदरात शिरताना तांबडी खूण उजव्या हाताला ठेवावयाची असते. आपल्या मुंबई बंदरात शिरणारा नावाडी मात्र तांबडी खूण डाव्या हाताला ठेवतो, कारण जगाचे या बाबतीत दोन इलाखे पडले आहेत, आणि अमेरिका खंडे एकात तर भारत दुसऱ्यात आहे. अंतःकिनारी मार्गावर तर ‘शिरणे’ आणि ‘बाहेर पडणे’ यांचाच घोटाळा, म्हणून तेथे उत्तरेकडून दक्षिणेस जाणे हेच शिरणे मानले आहे, आणि या मार्गाच्या खुणांवर पिवळा त्रिकोण किंवा पिवळा चौकोन रंगविलेला असतो. नॉर्फकहून मायामीला जाणाऱ्याने पिवळा त्रिकोण उजवीकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूस, आणि चौकोन डावीकडे, समुद्राच्या बाजूस, सोडीत जावे. एखाद्या नदीचा मार्ग मध्येच येऊन मिळाला आणि तांबड्या-हिरव्याची अदलाबदल झाली, तरी हा पिवळा ठिपका फसवीत नाही.

खुणांनंतर क्रम भरती-ओहोटीचा. फ्लॉरिडाच्या दक्षिण भागात पाणी दोन-तीन फूट चढते-उतरते, पण जॉर्जियात तेच ७ ते ९ फुटांपर्यंत जाते. कारण तेथे किनारा कोयत्यासारखा आत वळलेला आहे, समोरचा समुद्रतळ रुंद व उथळ आहे, आणि त्या वळणात शिरणारे पाणी अरुंद होत होत उंचावते. भरतीचे पाणीही सहा तास एका चालीने चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या व चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक, असा नावाड्यांचा आडाखा आहे. आपल्या कोळीवाड्यांत आणि कोकणच्या बंदरांत याच्याशी नाते सांगणारा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, हे खगोलशास्त्र त्या पाऊणपटीत मुरलेले आहे. मात्र हा आकडा मुंबईकडच्या किनाऱ्याचा, अटलांटिकच्या प्रत्येक बंदराचा घड्याळकाटा निराळा.

जॉर्जियाच्या खाजणांतून जाणारे अनुभवी जोडपे उथळ टापूशी चढत्या पाण्यात पोचेल अशा बेताने सकाळी निघते. यामागचा विचार साधा पण खोल आहे: चढत्या पाण्यात नाव रुतली तर तासाभरात तेच पाणी तिला उचलून सोडविते, उतरत्या पाण्यात रुतली तर चिखलात कलंडून पुढच्या भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज राहत नाही. चूक होणारच नाही, अशी हमी कोणी देत नाही. झालेली चूक दुरुस्त होईल अशी वेळ तेवढी निवडावयाची.

मार्गावरचे पूल हा आणखी एक अध्याय. नवे स्थिर पूल भरतीच्या पाण्यापासून ६५ फूट उंच असतात. त्यांची चिंता डोलकाठीवाल्यांनी करावी. जुने उघडते पूल मात्र कधी मागणीवरून, कधी ठराविक घटकेलाच उचलले जातात, आणि त्यासाठी बिनतारी यंत्रावरून पूलवाल्यास विनंती करावी लागते, किंवा भोंग्याचा एक लांब आणि एक आखूड सूर काढावा लागतो. तोच सूर परत आला तर पूल उघडतो आहे असे समजावे. लागोपाठ पाच आखूड सूर आले तर थांबावे. याच वाटेवर एक अलिखित शिष्टाचारही आहे. मागून येणाऱ्या वेगवान बोटीने जवळ येताच वेग कमी करावा, आणि पुढच्या संथ बोटीनेही आपला वेग आणखी घटवून तिला लवकर पुढे जाऊ द्यावे. असे न झाल्यास मागे उठणाऱ्या लाटेने संथ बोटीच्या स्वयंपाकघरातली भांडी जमिनीवर येतात. आपल्या मागे उठलेल्या लाटेने झालेल्या नुकसानीस नाव हाकणारा कायद्यानेही जबाबदार असतो. फ्लॉरिडात तर पाण्याखाली चरणाऱ्या मॅनटी या गरीब, अवजड सस्तन प्राण्यांना पंख्याची इजा होऊ नये म्हणून कित्येक मैल मुंगीच्या पावलाने जाण्याचा हुकूम आहे.

दिवस मावळतीला आला की नांगर, आणि नांगराबरोबर संसाराची परीक्षा. नांगर आपल्या वजनाने नाव धरतो, हा भ्रम आहे. दोर लांब सोडला म्हणजे ओढ आडवी लागते, नांगराचे दात तळात रुततात, आणि मग तो धरतो. साधा दोर असेल तर खोलीच्या सातपट सोडावा, असा दंडक आहे. परंतु खोली कोणती? समजा, ओहोटीच्या वेळी पाणी ८ फूट आहे. त्यात भरतीचे ८ फूट आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचे ४ फूट मिळवावे लागतात. म्हणजे हिशेब २० फुटांचा आणि दोर १४० फुटांचा. ज्याने केवळ दिसणाऱ्या ८ फुटांची सातपट करून ५६ फूट दोर सोडला, त्याच्या नांगराला मध्यरात्री भरतीच्या पाण्यात तिपटीचाही आधार उरत नाही, आणि नाव गुपचूप सरकू लागते.

हे काम एकट्याचे नव्हे. एकाने सुकाण्यापाशी राहून इंजिन पुढे-मागे करावयाचे, दुसऱ्याने नाळेवर उभे राहून नांगर सोडावयाचा. मध्ये ३०-४० फुटांचे अंतर, वारा आणि इंजिनाचा घरघराट. मग आवाज चढतात, शब्द अर्धे पोचतात, आणि अर्ध्या पोचलेल्या शब्दांचा अर्थ पुरा लावला जातो. शेजारच्या नावांवरची माणसे ही फुकटची करमणूक चहाचा पेला हातात धरून पाहतात. म्हणून जाणती जोडपी हातांच्या खुणा आधीच ठरवून ठेवतात, आणि कित्येकांनी तर कानाला लावून बोलण्याची बिनतारी यंत्रे घेतली आहेत, ज्यांना त्या नावाडी जगात ‘संसार वाचविणारी’ असे थट्टेने म्हणतात. जड काम पुरुषाचे आणि सुकाणू पुरुषाचेच, या जुन्या समजुतीतली विसंगतीही येथेच उघडी पडते. नांगराची साखळी ओढावयास बळ लागते, सुकाण्याला केवळ नजर आणि धीर. तेव्हा बाईने सुकाणू धरावे आणि बुवाने साखळी ओढावी, ही वाटणी युक्तीची. शिवाय एकजण आजारी पडला किंवा पाण्यात पडला तर उरलेल्याला नाव वळविता, थांबविता आणि मदत मागता आली पाहिजे. दोघांच्या नावेवर एकालाच येणारी विद्या ही विद्या नसून धोका आहे.

या प्रवासाचे पंचांगही ठरलेले असते. अटलांटिकच्या तुफानांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो, आणि विमा उतरविणाऱ्या मंडळ्या बहुधा अशी अट घालतात की, अमुक तारखेपूर्वी नावेने ठराविक अक्षांशाच्या दक्षिणेस जाऊ नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही यांत्रिक मासेमारी १ जूनलाच बंद होते. ३१ जुलैपर्यंत सरकारचा मनाई-अंमल असतो, आणि त्यानंतरही परंपरेने वागणारा कोळी नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून नाव लोटीत नाही. एकीकडे विम्याचा करारनामा आणि दुसरीकडे श्रीफळ. कबुली एकच, की दर्याचे दार आपल्या सवडीने उघडत नाही.

आणि मग वसंत ऋतू येतो, फ्लॉरिडात उन्हाळा जाणवू लागतो, आणि हिमपक्षी त्याच वाटेने उत्तरेकडे परततात. तेच पूल, तेच खांब, तोच तांबूस पाण्याचा कालवा. आता पिवळे त्रिकोण डाव्या हाताला येतात, एवढाच फरक वरवर दिसतो. परंतु जोडप्यापैकी जो नकाशा सांभाळतो, तो शरदात लिहिलेली वही उघडून पाहतो, तेव्हा जेथे ११ फूट पाणी नोंदलेले असते तेथे खोली मोजणारे यंत्र ६ दाखविते, आणि जेथे जीव मुठीत धरून नाव काढली होती तेथे आता खुशाल जाता येते. मधल्या सहा महिन्यांत वाळूने आपले बिऱ्हाड हलविलेले असते. म्हणून या वाटेवरचे शहाणे नावाडी खोलीच्या प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि भरतीची वेळ लिहितात; आणि ती तारीख जुनी झालेली दिसली की सुकाण्यावरचा माणूस, काही न बोलता, इंजिनाचा वेग कमी करतो.